परवानगीचा एक गुण

आज वैद्यकीयच्या प्रात्यक्षिक परीक्षेला रुग्ण म्हणून आणलेल्या आशागडच्या बाईंच्या पिशवीतून पिकलेल्या चिकूंचा वास आला आणि मला गंजाडची म्हातारी आठवली.

तेव्हा मी परीक्षक नव्हते, विद्यार्थिनी होते. म्हातारी पदरात दोन चिकू बांधून खाटेवर पडली होती. परीक्षक सर यादी घेऊन शेजारी उभे होते. वागणुकीचे गुण त्या यादीवरून मिळत. पहिलीच ओळ होती, रुग्णाची परवानगी मागितली का.

"आजी, पोट तपासू का?" मी पाठ केलेलं विचारलं.

"नको गो बाय. सकालपासून पाच जणांनी दाबलाय. आता दुखतंय."

सरांनी यादीतल्या पहिल्या ओळीपुढे खूण केली. मी पोट दाबलं. ते बोटांखाली लाकडासारखं घट्ट झालं. म्हातारीने भिंतीकडे तोंड वळवलं.

"रुग्णाशी छान बोलता," सर म्हणाले. वागणुकीत मला पैकीच्या पैकी मिळाले. बरीच वर्षं मी ते अभिमानाने सांगत असे.

यादी आजही तीच आहे. समोरच्या मुलीने विचारलं, आशागडच्या बाई नको म्हणाल्या आणि तिने हात मागे घेतला.

"तपासलं नाहीस तर तपासणीचे गुण जातील," मी म्हटलं.

"जाऊ देत मॅडम. त्या नको म्हणतायत."

परवानगीचा एक गुण मी तिला दिला. उत्तर ऐकल्याबद्दलचा रकाना यादीत नाही. तपासणीचे दहा गुण नियमाप्रमाणे कापायचे होते. ते मी कापले.