गॅलरीच्या दिवशी जेवण नव्हतं

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. तरी आमच्या बांधकामाच्या धंद्याची लिखापढी बरीच वर्षं मीच केली. लिखापढी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. कोणाचा पाया कधी, कोणाचा स्लॅब कधी, रेतीचा ट्रॅक्टर कोणाकडे जायचा, हे मी त्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहीत असे. पेन्सिल खिळ्याला सुतळीनं बांधलेली होती. नवरा चांगला गवंडी होता, पण परवाचं काही त्याच्या लक्षात राहत नसे. तो गेला, मुलानं काम वाढवलं आणि फोनही वाढले.

मुलगा कामावर असला की फोन उचलत नाही. मी उचलला तर लोक म्हणायचे, कोटेशन मोबाईलवर पाठवा. ते मला येत नाही. म्हणून मागच्या दिवाळीनंतर त्यानं एक मुलगी ठेवली. ती सांगलीकडची. आपल्या घरी बसून चार-पाच धंदेवाल्यांचे फोन घेते, कागद करते, तारखा ठेवते. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, असं मुलानं सांगितलं. मी तिला अजून पाहिलेलं नाही.

ती कामाला वाईट नव्हती. स्लॅबवर रोज पाणी टाका म्हणून घरमालकांना सकाळ-संध्याकाळ मेसेज करायची. आमच्या उन्हात तराई चुकली की स्लॅब फुटतो, आणि मालक लोक दोन दिवसांत कंटाळतात. तिच्या मेसेजनं ते कंटाळेनासे झाले. हे मला कबूल आहे. पण ती आली त्या महिन्यापासून मी कॅलेंडरवर लिहिणं सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं.

तिची पद्धत अशी. स्लॅब झाला की मुलगा तिला फोटो पाठवायचा. फोटो ज्या दिवशी आला ती स्लॅबची तारीख. तिथून दिवस मोजून ती सेंट्रिंगवाल्याला कळवायची की अमक्या दिवशी स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या आणि लोखंडी प्लेटा खोला.

आता आमच्याकडे स्लॅबचा फोटो केव्हा काढतात? जेवणाआधी. स्लॅबच्या दिवशी घरमालक सगळ्या माणसांना जेवू घालतो. पाहुण्यासारखं जेवण असतं, मटण नाहीतर पुरणपोळी. हातपाय धुऊन सगळे वर उभे राहतात, फोटो निघतो आणि पंगत बसते. आमच्या घरात कोणता स्लॅब कधीचा हे जेवणावरून आठवतात. मीही जेवायला जाते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला एक घर चाललं होतं. स्लॅब झाला, मटण झालं, फोटो गेला. पण समोरच्या गॅलरीवरून विजेची तार जात होती, ती हलवायला दोन आठवडे लागले. गॅलरीचं सेंट्रिंग स्लॅबसोबतच बांधून ठेवलं होतं, सळया बाहेर काढलेल्या होत्या. तार हलली तसं मुलानं चार माणसं नेऊन काँक्रीट टाकून गॅलरी भरली. घरमालकीण त्याला म्हणाली होती, "एकाच घराचं दोनदा जेवण मागता का भाऊ? गॅलरीले चहा भेटन."

हे मला कसं माहीत? त्या दिवशी चार वाजता मुलगा घरी आला आणि भाकर मागितली. स्लॅबवरून माणूस उपाशी येत नाही. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. जेवण नाही म्हणून फोटोही काढला नव्हता. भाकर वाढतानाच माझ्या मनात आलं की हे त्या मुलीला सांगायला पाहिजे. निदान कॅलेंडरवर लिहायला पाहिजे. पेन्सिल समोरच लोंबत होती. मी लिहिलं नाही. कळू दे तिला आपोआप, असं वाटलं.

त्यानंतर दहा दिवसांनी मुलगा सकाळीच रोहण्याला एक जागा पाहायला गेला. ती मुलगी रोज सकाळी दिवसाच्या कामाची यादी पाठवते, ती माझ्याही मोबाईलवर येते. मला वाचायला वेळ लागतो. चहा झाला, देवपूजा झाली, मग चष्मा लावून बसले. तिसऱ्या ओळीत होतं : बोरगाव मेघे, सेंट्रिंग पूर्ण खोलणे, सकाळी नऊ.

साडेनऊ वाजले होते.

आतल्या स्लॅबला चोवीस दिवस झाले होते, तो खोलायला हरकत नव्हती. गॅलरी दहा दिवसांची होती. गॅलरीला पुढून भिंत नसते. ती सगळी हवेत असते आणि कच्ची असली की बल्ल्यांवर उभी असते. बल्ल्या काढल्या की मुळातून मोडते, आणि खाली कोण आहे ते पाहत नाही. नवऱ्यानं एकदा अशी पडलेली गॅलरी पाहिली होती. त्याबद्दल तो कधी बोलत नसे.

मुलाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग त्या मुलीला लावला. तिनं लगेच उचलला.

"बोला आजी."

"बोरगावची गॅलरी कोणत्या तारखेची लिवली तू?"

"गॅलरी वेगळी नाही आजी माझ्याकडे. स्लॅबला चोवीस दिवस झालेत."

"गॅलरी मागून भरली. दहा दिवस झाले तिले."

ती म्हणाली, "मी सेंट्रिंगवाल्या काकांना फोन करते. तुम्ही ठेवा." आवाज बदलला होता तिचा.

दोन मिनिटांनी तिचाच फोन आला. ते उचलत नव्हते. उचलणार कसे, प्लेटा पडताना कानात काही शिरत नाही. घरमालकाचा फोनही वाजून वाजून बंद झाला. मी पायात चप्पल घातली आणि निघाले.

आमचं घर सेवाग्रामच्या रस्त्याला आहे. शेअर ऑटो मिळाला, पण तो एका सीटसाठी थांबून राहिला.

"चाल ना बापा," मी म्हटलं.

"एक सवारी येऊ द्या आजी. एवढी कोणती गाडी सुटून राह्यली तुमची?"

"दोन सीटचे घे माझ्याकडून. चाल."

वाटेत तिचे तीन फोन आले. प्रत्येक वेळी एकच, पोचलात का. तिसऱ्यांदा मी म्हटलं की तू फोन केल्यानं ऑटो पळत नाही. तरी तिनं चौथा केला. वर्ध्यात दुसरा ऑटो धरला. त्यात बसून मी मोजत होते. आतल्या दोन खोल्या आधी खोलतात, त्याला तास-दीड तास लागतो. मग बाहेरचं. ते आधी बाहेरच लागले असतील तर माझं मोजणं फुकट होतं.

घराच्या वळणावरूनच दिसलं. पाच बल्ल्यांपैकी दोन निघून भिंतीला टेकवल्या होत्या. सेंट्रिंगवाला तिसरीखालची पाचर हातोडीनं ठोकत होता. आणि पलीकडच्या टोकाला, त्याच गॅलरीच्या सावलीत, घरमालकीण सुपात गहू घेऊन निवडत बसली होती.

मी आधी तिला म्हटलं, "ऊठ तिथून."

"या ना काकी, बसा. काऊन आल्या एवढ्या उन्हात?"

"ऊठ म्हटलं ना. गहू राहू दे."

ती सूप घेऊनच उठली. सेंट्रिंगवाल्याची हातोडी थांबली.

"तुले दिसत नाई का, गॅलरी कच्ची हाये ते?"

"मले काय माहीत काकी? सेंट्रिंग म्या एकाच दिवशी बांधलं. मोबाईलात आलं पूर्ण खोला, म्हणून खोलून राह्यलो."

"मांगून भरली ते. दहा दिवस झाले."

त्यानं वर पाहिलं. मग वाकूनच मागे मागे सरकत बाहेर आला. बाहेर आल्यावर म्हणाला, "घरी लेकरं हायेत माह्या." मी म्हटलं, हो.

मिस्ड कॉल पाहून मुलगा बारा वाजता पोचला. वर नजर ठेवायला एका माणसाला उभं करून त्यानं स्वतः आत शिरून दोन्ही बल्ल्या पुन्हा लावल्या. तेवढा वेळ मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. त्यानं बोलावलेला इंजिनिअर येऊन पाहून गेला. गॅलरीच्या मुळाशी केसासारखी एक रेघ होती. ती आधीची की आजची हे त्याला सांगता आलं नाही. पूर्ण दिवस भरू द्या, खाली कोणाला जाऊ देऊ नका, एवढं म्हणाला.

मग मुलानं त्या मुलीला फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, माणसं मेली असती आज. तुमचं काम आजपासून बंद."

ती म्हणाली, "मला फोटो आला नव्हता दादा."

"विचारता येत नव्हतं?"

तिच्याकडे मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मी दगडावर बसले होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. मी म्हटलं, "तिले काय बोलतं? तू जेवण नाई म्हणून फोटो नाई काढला. अन् मले माहीत होतं. तू भाकर मागितली त्याच दिवशी माहीत होतं. म्या सांगितलं नाई."

"भुलली असशीन माय."

"नाई भुलली."

फोनमधून ती म्हणाली, "आजी, सांगायला पाहिजे होतं तुम्ही." मी हो म्हटलं. मुलानं फोन ठेवला. तिचं काम बंद करायचा विषय मात्र पुन्हा काढला नाही.

पुढचे दिवस मी रोज सकाळी कॅलेंडरवर एक रेघ मारली. दोनदा ऑटोनं जाऊन ती केसासारखी रेघ पाहून आले. वाढली असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. झोप धड लागत नव्हती. दिवस भरायच्या आदल्या दिवशी त्या मुलीचा फोन आला.

"आजी, उद्या बोरगावची गॅलरी लिहू का यादीत?"

मी उठून कॅलेंडरवरच्या रेघा बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग म्हटलं, "लिव."

बल्ल्या निघाल्या. गॅलरी राहिली. घरमालकिणीनं त्या दिवशी जेवण केलं होतं, पुरणपोळी आणि वड्याची भाजी. फोटो काढला, तो सांगलीला गेला. पंगत गॅलरीखालीच बसली, सावली होती म्हणून. मी माझं ताट उचलून आतल्या खोलीत नेलं आणि तिथे बसून जेवले.