बॅटरीवाल्याच्या अंगणातली रोपं

आमच्या भाऊजींना सगळा रस्ता बॅटरीवाले म्हणूनच ओळखतो. सकाळी कुणाची गाडी कुरकुर करून बंद पडली, की तो माणूस बॅटरी उचलून त्यांच्याकडे येणार. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत माझी ताई, आणि तिच्या खिडकीबाहेर हातभर अंगण. दुकानात फळीवर ओळीने बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, त्यांची झाकणं उघडी, आणि आतलं अ‍ॅसिड सारखं बारीक आवाज करत बुडबुडत असायचं. आत पाऊल टाकलं की माझा घसा खवखवायचा. भाऊजींच्या बोटांवरचे ठसे त्या अ‍ॅसिडने केव्हाच पुसले गेलेत. "मी चोरी केली तर सापडायचो नाही," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. माणूस मोठा गमत्या, आणि हट्टी म्हणाल तर काही विचारू नका.

ताईला आधी बाजारातून येताना दम लागायचा, मग घर झाडताना, मग वेणी घालताना. अर्ध्या वेणीवर हात खाली टाकून ती थांबायची, तेव्हा मला रडू यायचं आणि भाऊजींचा संताप यायचा, दोन्ही एकदम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या वाफेतून यांना बाहेर काढा." भाऊजी म्हणाले, "मी तर दिवसभर त्यातच असतो. मला साधा खोकला नाही." डॉक्टरांनी हात टेकले. मी नाही टेकले. "दुकान हलवा, नाहीतर ताईला माझ्याकडे पाठवा," हे मी गेले की ऐकवायचीच. पण अ‍ॅसिडचं नाव काढलं की कुणी जागा देईना. आणि ताईला पाठवायचा विषय निघाला, की भाऊजी एखादी बॅटरी पुढ्यात ओढून उगाच पुसत बसायचे. लग्नापासून ते तिच्यावाचून एक दिवस राहिले नव्हते.

अशात चौकात फुकट रोपं वाटणारी गाडी आली. झाड लावा, झाड आपल्याला श्वास देतं, असं भोंग्यावर कुणी बाई सांगत होती. भाऊजींनी ते अगदी मनावर घेतलं. हातातलं काम टाकून चौकात गेले आणि वाटणाऱ्याला विचारलं, "हे श्वास कधीपासून द्यायला लागतं?"

"काका, आधी जगू तर द्या त्याला," तो म्हणाला.

शेजाऱ्यांच्या वाट्याचीही रोपं त्यांनी मागून आणली. त्यातलं एक मला दिलं. "घे, तुझ्या जिभेला जरा सावली होईल."

बाकीची सगळी त्यांनी ताईच्या खिडकीखाली लावली. ज्या हातांनी कधी घरचा पेला विसळला नव्हता, ते हात कोपरापर्यंत मातीत. रोज सकाळी ते खिडकी उघडायचे, ताईला उशांना टेकवून बसवायचे आणि म्हणायचे, "बघ, हे पान काल नव्हतं." ताई म्हणायची, "हो हो. आज मला बरं वाटतंय." आणि ते पाठमोरे झाले की तोंड उघडं टाकून श्वास ओढायची. मी पाहत होते. ती मला डोळ्यांनीच गप्प बसवायची.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी पडल्या. मग पानं आत वळली, जळल्यासारखी. एकेक करून सगळी रोपं उभ्या उभ्या वाळली. "फुकटचा माल, मुळातच कच्चा," असं म्हणत भाऊजींनी दुसरी आणली. खत घातलं, उन्हात आडोसा केला, जिवाचं रान केलं. तीही गेली. तिसऱ्यांदा रोपं आणायला निघाले, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. तो माणूस झाडं लावत नव्हता, बायकोचा एकेक श्वास मातीत पेरत होता, आणि उगवत काहीच नव्हतं.

मग एकदा ते माझ्याकडे आले. फाटकाजवळ मी ते एक रोप लावलं होतं. लावलं कसलं, खोचलं होतं. भांडी विसळलेलं पाणी तेवढं त्याच्यावर ओतायची. ते माझ्या खांद्याला लागलं होतं. भाऊजींनी त्याचं पान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हे त्याच गाडीतलं?"

"तुम्हीच दिलंत ना!"

आले तसे निघून गेले.

मला राहवेना म्हणून दुपारी मीही त्यांच्या घरी गेले. भाऊजी अंगणात उकिडवे बसले होते, हातात सोड्याचा पुडा. त्यांच्या धंद्यात अ‍ॅसिड सांडलं की वर सोडा टाकतात. अ‍ॅसिड असेल तिथे फेस येतो. जुन्या बॅटऱ्या ते याच अंगणात रिकाम्या करायचे, वर्षानुवर्षं. त्यांनी ओल्या मातीत वाळलेल्या रोपाशी चिमूटभर सोडा टाकला. फेस आला. थोडं पुढे सरकून टाकला. तिथेही फेस. असं करत करत ते भिंतीपर्यंत गेले. मग उठून खिडकीचा कट्टा पाण्याने ओला केला आणि त्यावर सोडा टाकला. ताई जिथे कोपर टेकून बसायची, तिथेसुद्धा बारीक बुडबुडे उठले.

"मला वाटायचं, जमिनीत मुरलं की संपलं," भाऊजी म्हणाले. आतून ताईचा खोकला ऐकू येत होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः ताईला माझ्या घरी आणून सोडलं. दुकानाला कायमचं कुलूप लावलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, म्हणाले, "आतून जळालंय ते परत भरून येत नाही."

"झाडाला फुटतात की नवीन पानं," भाऊजी म्हणाले.



त्यानंतर भाऊजी रोज आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचे, पण फाटकाबाहेरच उभे राहायचे. मी कितीदा ओढलं. "माझ्या अंगात मुरलंय ते. तिच्याजवळ नको," एवढंच. तिथूनच मला विचारायचे, काल झोपली का, दोन घास गेले का. ताई आतल्या पलंगावरून त्यांच्याकडे बघत राहायची. ती दिवसेंदिवस खचत चालली होती. इथल्या हवेने काहीही फरक पडत नव्हता, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. फक्त त्यांना सांगायचं धाडस कुणात नव्हतं.

एका सकाळी ताई उठली. भिंत धरत, थांबत थांबत अंगणात गेली. मी आधाराला धावले, तर हात झटकला. फाटकाशी पोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. दम परत यायला बराच वेळ लागला. भाऊजी मागे मागे सरकत होते.

"अहो, मी काही यातून उठत नाही," ती म्हणाली. "आहेत तेवढे दिवस मी इथून तुमचं नुसतं तोंड बघत काढू का? आत या."

भाऊजींनी चपला बाहेरच काढल्या. अंगातला शर्ट काढून फाटकावर टाकला. मग उघड्या अंगानेच आत आले आणि तिला उचलून घरात घेऊन गेले.