जगनच्या गुडघ्याचा दावा

पेणच्या खाडीकडच्या एका गावात मिठागरावर राबणारा नाथा गावच्या कबड्डी संघाचा सेक्रेटरी होता. स्वतः तो मैदानात कधी दोन मिनिटांवर टिकला नव्हता, पण खेळाचे नियम त्याला तोंडपाठ. संघाचा शिक्का तो देव्हाऱ्यात ठेवायचा आणि बायकोला, चंद्रावतीलाही, हात लावू द्यायचा नाही.

१९८६ साली संघाचा हुकमी चढाईपटू जगन धाटावच्या एका कंपनीत लागला आणि रोह्यात खोली घेऊन राहिला. रोह्याच्या एका मंडळाचा त्याच्यावर डोळा होताच. मंडळाचे अध्यक्ष दाजी चार ट्रकांचे मालक. ते स्वतः नाथाच्या ओटीवर आले. जुन्या संघानं ना हरकत पत्र दिल्याशिवाय खेळाडूला नव्या संघातून उतरता येत नसे. नाथानं पत्राचे तीन हजार सांगितले. गावचं मैदान उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जायचं, त्यावर भराव टाकायचा होता. दाजींनी खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर ‘देईन’ असं लिहून सही केली. नाथानं पत्रावर शिक्का उठवला.

जगननं त्या हंगामात रोह्याला चार ढाली मिळवून दिल्या. पैसे काही आले नाहीत. नाथा महिन्याला एकदा एसटीनं रोह्याला जायचा, दाजी त्याला आग्रह करकरून जेवायला घालायचे आणि पैशाचा विषय निघाला की हात धुवायला उठायचे. अशी आठ जेवणं झाल्यावर नाथानं पेणच्या कोर्टात दावा लावला.

वकिलानं लिहिलं, ‘सदर खेळाडू सुस्थितीत प्रतिवादीच्या ताब्यात दिला.’ ऐकताना नाथाला जरा कसंसंच झालं, पण कायद्याची भाषा अशीच असते म्हणून त्यानं सही केली. तेवढ्यात एका सामन्यात जगनचा डावा गुडघा मुरगळला, आणि दाजींच्या वकिलाला आयतं उत्तर सापडलं. गुडघा मुळातच अधू होता, वादीनं ते लपवून ठेवलं, सबब पैसे देणे लागत नाही.

मग दोन वर्षं कोर्टात गुडघाच चालला. जगन साक्षीला आला तो कंपनीच्या कपड्यांतच. आधी नाथानं त्याला चहा पाजला, मग दाजींनी वडापाव खिलवला, आणि त्यानं दोन्ही मनापासून घेतलं. तू नक्की कोणाच्या बाजूचा, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मी दुसऱ्या पाळीचा हाय. तीनच्या आत पोचायला होवं.”

शेवटी दाजींच्या वकिलानं जगनची आई ठमाबाई हिला बोलावलं. पोराचा गुडघा लहानपणापासून दुखरा होता, एवढंच तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, वेणी माळून आली. पोर चिंचेवरून कसा पडला, बांधावरून कसा घसरला, सगळं तिनं रंगवून सांगितलं. फक्त कुठला पाय, ते तिला आठवेना. मग तिनं विचारलं की हे सगळं चाललंय कशासाठी. न्यायाधीशांनी तिला दावा वाचून दाखवला.

ठमाबाई नाथाकडे वळली. “नाथादादा, बैल इकताना पन मालकाला इचारतात. माजा पोर इकलास, आन मना इचारलास पन नाय?”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कबड्डीचे सगळे नियम नाथाला पाठ होते, यावर त्यातला एकही लागू पडत नव्हता. वकील सदरा ओढत असतानाच तो उठून म्हणाला, “साहेब, ही बोलते ते खरं हाय. मना पैसं नको.”

हे ऐकून दाजींचीच पंचाईत झाली. दोन तालुक्यांच्या माणसांसमोर मिठागरावरचा माणूस पैसे सोडतो आणि आपण ट्रकवाले गुडघा धरून बसलोय, हे त्यांना सोसेना. त्यांनी मैदानासाठी बारा ट्रक लाल माती कबूल केली. तडजोडीचा कागद लिहायला घेतला तेव्हा ठमाबाईनं आपल्या अंगणात चिखल होत असल्याचं सांगितलं. त्यामुळे कागदावर तिसरं कलम चढलं: पहिल्या दोन खेपा साक्षीदाराच्या अंगणात.

माती आली. नव्या मैदानावर पहिला सामना रोह्याशीच ठरला. जगन गुडघ्याला पट्टा बांधून आला, आणि नोंदणी रोह्याकडे असल्यानं रोह्याकडूनच खेळला. शेवटच्या चढाईत त्यानं गावचे तीन गडी टिपले नि सामना नेला. ठमाबाई पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होती. गुण लिहायला नाथाच बसला होता. त्यानं मुकाट तीन लिहिले.

चंद्रावतीला वाटलं, आज नवरा जेवणार नाही. तिनं भीतभीतच पान वाढलं. जेवण निवत चाललं, तरी नाथा ओटीवर उभं राहून तिला जगनची ती चढाई करून दाखवत होता.