गहाणाचा हंडा

आमची आत्या कर्जतात बायकांना व्याजाने पैसे द्यायची. रुपयाला महिन्याला एक आणा, आणि गहाण म्हणून भांडं. माळ्यावर नुसती भांडीच भांडी! तिचा एक नियम होता, तो आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गहाणाचं भांडं आपण वापरायचं नाही; वापरलं तर व्याज सोडायचं. भांडं सोडवायला आलेली बाई हमखास तेच विचारायची, आणि आत्या खरं सांगायची.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आत्या चौक गावाला लग्नाला गेलेली, आमचा गळका हंडा तांबटाकडे डाग लावायला दिलेला, आणि कळशीने खेपा घालून मी वैतागले. मग काय, माळ्यावरचा एक तांब्याचा हंडा काढला, चार दिवस विहिरीवरून पाणी भरलं आणि पुसूनबिसून परत ठेवला.

माघात त्याची मालकीण आली. डोंगराखालच्या वाडीवरची ठाकरीण. श्रावणात दोन रुपये नेले होते. आता लेकीचं लग्न दोन दिवसांवर, हंडा लेकीसोबत द्यायचा. दोन रुपये आणलेले, पण व्याजाचे बारा आणे नव्हते. आत्या ऐकेना. तेव्हा तिने विचारलं,

"हंडा वापरला नाय ना कुनी?"

"हिला विचार," आत्या म्हणाली. "मी गावाला गेले तेव्हा घर हिच्याकडेच होतं."

ती माझ्याकडे वळली. "सांग गं बाय."

हो म्हटलं असतं तर ती हंडा घेऊन गेली असती. आणि मला मार बसला असता, एवढंच.

"नाही," मी म्हटलं.

तिने रुपये पदरात बांधले आणि गेली. लेक हंड्याविना सासरी गेली, असं पुढे बाजारात कळलं. ती काही परत आली नाही. पण त्यानंतर माळ्यावर चढले की मला पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, अगदी भर दुपारीसुद्धा.

गेल्या साली आत्या वारली. शिमगा झाल्यावर मी हंडा डोक्यावर घेऊन वाडी गाठली. वाडी ओस. माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेलीत, असं एका गुराख्याने सांगितलं आणि तिचं खोपटं दाखवलं. मी हंडा दारात ठेवला आणि आले.

पण चैन पडेना. आठ दिवसांनी परत गेले. वाडी तशीच ओस, ओढा कोरडा ठाक. हंडा दारातच होता, काठोकाठ भरलेला. आतलं पाणी अजून हलत होतं.

हाक मारावी म्हटलं, तर तिचं नावही मला ठाऊक नव्हतं.