जस्तावरची साय

जबलपूरच्या मे महिन्यातही दीदी प्रयोगशाळेत आल्या की आधी पंखा बंद करायच्या, ओल्या लेपावर धूळ बसू नये म्हणून. पदराने मान पुसत त्या जस्ताच्या पत्र्यावर पॉलिमरचं द्रावण पसरवत. त्या लेपाला त्या साय म्हणत. "जाड झाली तर बॅटरी चालत नाही, पातळ झाली तर फाटते. दुधावरची बरी, आपोआप येते."

त्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. सगळे दीदी म्हणत, म्हणून मीही. मी संशोधनाला त्यांच्याकडे आले तेव्हा त्या खोलीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

शहराच्या कडेला, महाराजपुरात त्यांच्या धाकट्या भावाचं, विनूचं, बॅटरीवरच्या स्कूटरचं दुकान होतं. चार्जिंगला लावलेली एक बॅटरी पेटली. विनू वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. दुकान गेलं. तेव्हापासून दीदींनी बाकी सगळं सोडून जस्ताची, आत पाणी असलेली, न पेटणारी बॅटरी हाती घेतली. पण चार्ज करता करता जस्तावर बारीक काटे उगवत, मधल्या पडद्याला भोक पाडत आणि बॅटरी बंद पडे. सायीने हे काटे उगवूच द्यायचे नव्हते.

वर्षं गेली. बॅटरी उघडावी तर काटे. दीदी पत्रा भिंगाखाली धरत आणि म्हणत, "अच्छा. चलो, दुसरा घे." चिडत नसत. फक्त खुर्चीत बसताना टेबलाला धरून बसू लागल्या होत्या. विनूचा फोन येई, "ताई, झालं का?" "करून राहिली रे बाबा." पुढे तो विचारेनासा झाला.

एका उन्हाळ्यात साय टिकली. पावसाळा सरला तरी बॅटरी चालूच. उघडली तर पत्रा गुळगुळीत. दीदी त्यावरून नुसतं नख फिरवत राहिल्या. आम्ही शोधनिबंध लिहायला बसलो, तोच परदेशातल्या एका मोठ्या गटाचा निबंध छापून आला. लेप जवळजवळ हाच. मला रडू आवरेना.

"काहून रडून राहिली? त्यांची साय टिकली म्हणजे आपलीही खरी होती," त्या म्हणाल्या. आवाजात जीव नव्हता. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच दुपारी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी विनूला घेऊन आल्या. तो दारातच थांबला. दीदींनी चालू बॅटरीवर स्वतःचा तळहात ठेवला. "ये. पेटत नाही ही." बऱ्याच वेळाने त्याने आपली वाकडी बोटं तिच्यावर टेकवली. बॅटरीकडे न बघता तो दीदींकडे बघत म्हणाला, "किती दमून गेली गं तू."

निवृत्तीच्या समारंभानंतर दीदींनी मला जिन्यात थांबवलं. "दमू नको असं नाही म्हणत. दमशीलच. दमली की घरी जाऊन झोपायचं. सकाळी परत यायचं."

हार गळ्यात तसाच ठेवून त्या ऑटोत बसल्या. मी हात हलवला, पण ऑटो फाटकाबाहेर वळण्याआधीच त्यांची मान कलली होती. झोप लागली होती.