ताईने पाहिलेला घोडा

ताईला ते कार्टून तोंडपाठ होतं, पण तिने ते कधी पाहिलं नव्हतं. हसू नका, खरंच सांगतोय. संध्याकाळी टीव्हीवर शिंकणारा घोडा लागला की धाकटा भाऊ पुढ्यात ठाण मांडून बसायचा, आणि नेमकी तेव्हाच आईची हाक यायची, "तू मोठी ना? मग चल, भांडी घास." ताई घासता घासता कान लावायची. घोडा शिंकायचा, घरांची छपरं उडायची, लोक बोंबलत पळायचे. सगळं तिने मोरीतून ऐकलं.

आता ती चोपन्न वर्षांची आहे. लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते आणि तिच्या हातून एक सुरकुती जिवंत सुटत नाही. लग्न राहूनच गेलं. आई अंथरुणाला खिळल्यापासून घर आणि आई दोन्ही तिच्याच गळ्यात आहेत; ती लॉन्ड्रीत असते तेवढा वेळ फक्त शेजारीण आईजवळ बसते.

त्या रविवारी भाऊ बायको-मुलीला घेऊन आला. हातात तीन तिकिटं. त्याच कार्टूनच्या घोड्यावर आता सिनेमा निघाला होता, खऱ्या माणसांचा, खऱ्या घोड्याचा.

"ताई, तू आईजवळ आहेसच," तो म्हणाला. "तुला तसाही त्यात रस नव्हता. तू कधी बघायचीच नाहीस."

आता काय बोलायचं या शहाण्याला? ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात पुढे केला.

"तिकीट दे."

"कुणाचं?"

"तुझं. चार वाजता औषध, दर तासाला कूस बदलायची, आणि कितीही रडली तरी चहात साखर नाही."

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं. भाची म्हणाली, "चल आत्या, उशीर होतोय."

पलंगावरून आई पुटपुटली, "तू मोठी ना गं?"

"हो आई. म्हणूनच आता कुणाला विचारत नाही," ताई म्हणाली आणि चपला घातल्या.

छपरं उडवणारा घोडा म्हणजे हत्तीएवढा धिप्पाड असणार, असं ताईने जन्मभर धरलं होतं. पडद्यावर आलं कमरेएवढं तट्टू, गळ्याला मफलर, नाक लाल. ताई फिसकन हसली ती थांबेचना. अख्ख्या थिएटरात एकटीच. बाकीच्यांना ते लहानपणापासून ठाऊक होतं.

पुढचा माणूस मागे वळला. "मावशी, अजून विनोद झाला नाहीये."

"तुमचा नसेल झाला," ताई म्हणाली आणि आणखी मोठ्याने हसली. मग प्रत्येक संवाद नटाच्या आधी म्हणत राहिली. मधेच तिला रागाने रडूही आलं. एवढंसं तट्टू, आणि तेही बघू दिलं नाही मेल्यांनी. मध्यंतरात भावाचा तीनदा फोन आला. तिने मोबाइल पिशवीच्या तळाशी घातला.

घरी आली तेव्हा भावाचा शर्ट औषधाने माखला होता आणि केस विस्कटले होते.

"कसा होता? लोक म्हणतात, पार वाट लावलीय," तो म्हणाला. "आपल्या कार्टूनची सर नाही म्हणे."

"मला आवडला. पुढच्या रविवारी परत जाणार आहे."

"परत? अगं, झाला ना आता बघून?"

"तू तो घोडा पाच वर्षं रोज बघितलास," ताई म्हणाली. "माझा एकदाच झालाय. रविवारी जेवून ये. आईजवळ तूच बसायचंयस."