लोरीनच्या अंगणातलं तण

आमच्या गल्लीत कुणी इस्पितळात गेलं की शेजारी दोन कामं करतात. भांडंभर काहीतरी शिजवून आणतात आणि न विचारता अंगणातलं गवत कापतात. न विचारता! या चांगुलपणाने माझं टाळकं फिरतं.

समोरची लोरीन हॅव्लिक जन्मभर शाळेची बस चालवायची. लहानपणी बापाच्या सोयाबीनमधून मिल्कवीड उपटणं हे तिचं काम. हे झाड रुईच्या कुळातलं, चिकाचं. मोनार्क फुलपाखराच्या अळीला त्याच्या पानांशिवाय काहीच चालत नाही. पुढे आमच्या आयोवा राज्यभर तणनाशकं आली, शेतांच्या कडा साफ झाल्या आणि बसच्या काचेतून दिसणारी मोनार्क दिसेनाशी झाली. निवृत्त होताच लोरीनने पुढच्या हिरवळीत मिल्कवीड लावलं. लोकांनी नाकं मुरडली. तिच्या शेजारचा डेल श्रोडर तर उघड तणच म्हणायचा. कितीतरी उन्हाळे ती नुसती वाट बघत बसली. या जुलैत पानांवर पट्टेरी अळ्या दिसल्या, तेव्हा तिने मला हाताला धरून ओढत नेऊन त्या दाखवल्या.

मग तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी यायच्या आदल्या दिवशी डेलने तिच्या अंगणात गवत कापायचं मशीन फिरवलं. मी कामावर होते, नाहीतर त्याच्यापुढे आडवी पडले असते.

लोरीन वॉकर टेकत गाडीतून उतरली. डेल नूडल्सचं भांडं घेऊन हजर.

"आता कसं घर घरासारखं दिसतंय!"

"डेल, माझ्या अळ्या कुठायत?"

"अहो, तण होतं ते. तुम्ही पाय सांभाळा बघू."

"तण तुझ्या डोक्यात माजलंय! कापलेलं कुठे टाकलंस?"

त्याने कडेच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"ओत इथे. आणि बस शोधत."

"आत्ता? नूडल्स गार होतील."

"होऊ देत मेल्या!"

मीही त्याच्याशेजारी बसले. पाला उन्हात वाफलून काळा पडला होता, त्यात चेंदामेंदा झालेल्या अळ्या. डेल आधी कुरकुरत होता, मग एकेक पान उलटून बघू लागला. एकाएकी ओरडला, "ही हलतेय! लोरीनबाई, जिवंत आहे ही!" अळी त्याच्या तळहातावर डोकं वर करून इकडेतिकडे चाचपत होती.

"हिला खायला काय देऊ?" त्याने विचारलं.

लोरीन भुंड्या अंगणाकडे बघत होती.

"तू कापलंस ते," ती म्हणाली.